पाणकणीस कापायची परवानगी: सात महिन्यांची गोष्ट

तळ्यातलं पाणकणीस कापायला चार सकाळी पुरल्या. परवानगीला सात महिने लागले. राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच.

तळं जवळजवळ बुजलं होतं. पाणकणीस, म्हणजे काही जण ज्याला रामबाण म्हणतात ते, चिखलातल्या आडव्या खोडांनी पसरत उघडं पाणी गिळत जातं. पण सगळं उपटायचं नव्हतं. ते गाळ अडवतं, पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषतं, पाणकोंबड्या त्यात घरटी बांधतात. निम्मं उघडं पाणी आणि निम्मी दाटी, तीही तुकड्यातुकड्यांनी, अशी असली की पक्षी जास्त रमतात. म्हणून लिहिलं, 'अर्धे काढणे.'

इथेच घोडं अडलं. अर्जात चौकोन दोनच: 'पूर्ण काढणे' आणि 'देखभाल'. साहेब म्हणाले, "अर्धं कशाला? काढताय तर सगळं काढा की!" देखभालीवर खूण केली, तर फाईल दुसऱ्या विभागात गेली. पाण्यात उगवतं म्हणजे पाणीवाल्यांचं, असं ते म्हणाले. हिरवं आहे म्हणजे झाडंवाल्यांचं, असं पाणीवाले. मी म्हटलं, मुळं तुमची, पानं त्यांची. कोणी हसलं नाही.

पाचव्या खेपेला एक पिकलेलं कणीस नेऊन टेबलावर ठेवलं. डोक्यावर पंखा. साहेबांनी "हेच का ते?" म्हणत अंगठ्याने दाबलं मात्र, तपकिरी मखमल उसवली आणि कापूस भसाभस बाहेर! एका कणसात लाखाच्या वर बिया असू शकतात, प्रत्येकीला केसांचा झुबका. शिक्क्याच्या पॅडवर, चहात, साहेबांच्या भुवयांवर. आठवड्याभरात सही झाली. ही युक्ती करा असं म्हणत नाही, पण नेलंत तर पिकलेलंच न्या.

सही आली तेव्हा तळं भरलेलं आणि घरट्यांत अंडी. पुन्हा थांबलो. तेव्हा अर्ज असा करा, की पाणी सर्वांत कमी असताना कागद हातात असेल. खुंट बुडाशी कापायचे, म्हणजे पुढे चढणारं पाणी त्यांना बुडवतं. वाळलेल्या देठांतूनसुद्धा हवा खालच्या खोडापर्यंत पोचते. बुडाले की ती वाट बंद. हो, आणि कापलेलं बाहेर काढा, नाहीतर कुजून शोषलेलं सगळं पाण्यात परत.

पहिल्या सकाळी मला हे ठाऊक नव्हतं. वीतभर उंच खुंट ठेवले. तेवढाच पट्टा पुन्हा हिरवागार झालाय. त्याला नवा अर्ज लागेल म्हणतात.