गेरीच्या दिवशी काढलेली पेलेट

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी वायबीसीओ बनवत होते. हे एक अतिवाहक संयुग, म्हणजे पुरेसं थंड केलं की त्याचा विद्युत रोध शून्य होतो. इट्रियम, बेरियम, तांबं यांचं प्रमाण १:२:३. अगेटच्या खलात तासन्‌तास घोटायचं, ९०० अंशांच्या वर भाजायचं, पुन्हा घोटून, दाबून पेलेट म्हणजे छोटी चकती करायची आणि शेवटी ऑक्सिजनच्या प्रवाहात अगदी सावकाश थंड होऊ द्यायची. हे शेवटचं मी पाळलं नाही. रंगपंचमी होती, इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघणार होती, घरचे सगळे खोळंबले होते. भट्टी ६०० अंशांवर असतानाच मी चिमट्याने पेलेट बाहेर काढली.

द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला, ती साधीच राहिली. ऑक्सिजन पुरेसा भरलेलं वायबीसीओ ९२ केल्विनच्या आसपासच अतिवाहक होतं. मला रडू आलं. सर म्हणाले, "टाकू नकोस. आणखी खाली उतरून बघ."

मोजणीसाठी नंबर लागायला दीड महिना गेला. खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएई या संशोधन केंद्रात हेलियमच्या थंडीत ती ठेवली आणि ६२ केल्विनला रोध कोसळायला लागला!

घाईने काढल्यामुळे पेलेटमध्ये ऑक्सिजन अर्धवटच भरला होता. मग कळलं की अर्धवट ऑक्सिजनच्या याच पट्ट्यात इलेक्ट्रॉनांची घनता लहर सर्वांत ठळक असते. इलेक्ट्रॉन एकसारखे न पसरता स्फटिकातल्या साधारण दर तीन घरांमागे दाट-विरळ होतात. २०१२ मध्ये दर घरात सरासरी ६.६७ ऑक्सिजन अणू असलेल्या वायबीसीओच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून हे पाहिलं गेलं. लहर १३५ केल्विनच्या सुमारास दिसू लागते, वाढत जाते आणि ६७ केल्विनला अतिवाहकता आली की मंदावते. १७ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लावलं, तर मात्र ती खालीही वाढतच राहते. क्षेत्र लहर निर्माण करत नाही, तिच्या प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे अतिवाहकतेला, दुबळं करतं. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्याकडे ९ टेस्लामध्ये रोध शून्य होण्याचं तापमान बरंच खाली सरकलं. तीच लहर, असं मी आठवडाभर धरून चालले होते. सरांनी आलेख समोर ठेवून समजावलं: हे अतिवाहकात शिरलेल्या चुंबकीय भोवऱ्यांचं सरकणं आणि पेलेटच्या कणांमधले कच्चे सांधे. लहर पाहायला एकसंध स्फटिक हवा, भाजलेल्या भुकटीत ती हाती लागत नाही. प्रबंधातलं ते पान मी पुन्हा लिहिलं.

ती पेलेट अजून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात आहे. डबीवरचं 'फसलेली' खोडून मी '६०० अंश, ६२ केल्विन' असं लिहिलंय.