चौथीतून शाळा सोडलेली

आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका समितीचं पत्र आलं, त्याला जोडून ‘शाळेचा नावलौकिक वाढवणारे माजी विद्यार्थी’ अशी यादी होती. डॉक्टर, इंजिनिअर, एक तहसीलदार, दोन प्राध्यापक, आणि खाली कुठेतरी मी. यादीबद्दल तक्रार नाही. त्यात एक नाव मात्र नाही, आणि असणारही नाही, कारण ती चौथीतूनच शाळेबाहेर पडली. शिवाय आपलं नाव छापून आलेलं तिला चालत नाही. ‘नाव नगं टाकू, बाकी काय लिहायचं ते लिही,’ एवढी परवानगी फोनवर घेऊन हे लिहिते आहे. गावातल्या जुन्या माणसांना ती कोण हे लगेच कळेल. बाकीच्यांसाठी ती मावशी. माझ्या आईची वर्गमैत्रीण, आमच्याच गल्लीतली लेक, किल्लारीच्या बाजूला दिलेली.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथं पुन्हा सांगत बसत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास ८ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव ही नावं देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. आमच्या गावाचं नाव कुठंच आलं नाही. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली, त्यांत आम्ही नव्हतो. आम्ही दुरुस्तीतलं गाव. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा, काही घरं बसलेली, पण गावात मयत कमी. गावाचं खरं नुकसान बाहेर झालं होतं, दोन-चार कोसांवर दिलेल्या लेकींच्या घरी. मावशी महिनाभराने माहेरी परत आली, ती एकटी. यापेक्षा जास्त ती कधी बोलली नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

ती शाळेत पहिल्यांदा आली ती कागदासाठी. सासरच्या घराबरोबर रेशनकार्ड, जमिनीचे उतारे, सगळं मातीत गेलेलं. आपण कोण हे सरकारला दाखवायला तिच्याकडे एक चिठोरासुद्धा नव्हता. त्या दिवसांत आमच्या गुरुजींकडे अशी माणसं रोज यायची. शाळेच्या भिंती तडकल्या होत्या, वर्ग कडुनिंबाखाली भरायचे, आणि कपाटातून बाहेर काढून ठेवलेलं जनरल रजिस्टर गुरुजी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून घरी नेत, सकाळी परत आणत. आम्हा मुलांना त्याला हात लावू देत नसत. त्यातून त्यांनी कितीजणांना प्रवेश-निर्गम उतारे लिहून दिले असतील! मावशीचा उतारा लिहिताना मी शेजारीच बसले होते. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, आणि शाळा सोडण्याच्या कारणापुढे ‘घरगुती अडचण’. गुरुजींनी ते मोठ्याने वाचलं. ‘धाकट्या भावाला सांभाळायचं होतं,’ ती म्हणाली. गुरुजींनी शिक्का मारला आणि म्हणाले, ‘आता वेळ आहे. संध्याकाळी येत जा.’

ती लगेच आली नाही. आली ती पुढे, संवाद सहायक झाल्यावर.

ते काय होतं हे आजच्या मुलांना माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून आधी भिंतीबद्दल सांगते. आमच्याकडची जुनी घरं बाहेरून गढीसारखी भक्कम दिसायची. दोन-अडीच फूट रुंदीची भिंत. पण ती एक भिंत नसायचीच. आतून एक थर, बाहेरून एक थर, ओबडधोबड गोटे मातीत बसवलेले आणि मधे भर म्हणून चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढरी माती. पावसाळ्याआधी आजोबांनी टाकलेली, मग वडिलांनी टाकलेली, जुनी काढायची असते हे कुणाच्या मनातही नाही. जमीन हलली की भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, गोटे ढासळतात आणि वरचा भार खाली येतो. पडलेल्या गावांत कितीतरी घरांचे लाकडी खांब तसेच उभे होते. माणसं गेली ती दगडमातीखाली.

उपाय कागदावर साधा होता. माळवदावर वीतभर माती ठेवून बाकीची उतरवायची. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेके ठोकायचे. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड हळूच काढून आरपार भोक पाडायचं, टोकं वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने हे काम काढलं. दोन लाखांच्या आसपास घरं त्यात होती. ज्याने त्याने आपलं घर दुरुस्त करायचं, पैसे हप्त्याने. ज्युनिअर इंजिनिअर यायचे, नकाशा दाखवायचे आणि पुढच्या गावाला जायचे. लोक मान डोलवायचे आणि मनातलं करायचे. तेव्हा लोकांशी बोलायचं काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आलं आणि गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. आमच्याकडे दोघी. त्यातली एक मावशी.

चावडीवर कुरकुर झाली. विधवा बाई, चौथी शिकलेली, माहेरी येऊन राहिलेली, तिला का? माझे आजोबा तिथेच बसले होते. म्हणाले, ‘भिंत कशी पडती ते तिलाच इचारा की. तिनं बघितलंय.’ त्यावर कुणी बोललं नाही. पण मला वाटतं, खरा फरक आजोबांच्या बोलण्याने नाही, नेमणुकीच्या कागदाने पडला. नाहीतर तिने नुसतंच घरोघर फिरून ‘माती उतरवा’ म्हटलं असतं तर तिला कुणी दारात उभं केलं नसतं. दुःखाने माणूस मोठा होतो वगैरे आपण म्हणतो. गावात दुःखाला मान नसतो हो, हुद्द्याला असतो. तिला तो मिळाला आणि तिने तो वापरला.

गुरुजींकडे ती गेली ती टेप घेऊन. नकाशावरची मापं मिलिमीटरमध्ये, गवंडी बोलणार फूट-इंचात, आणि तिला हाताची वीत माहीत. एव्हाना शाळा पत्र्याच्या शेडमध्ये आली होती. गुरुजींनी बाकं बाजूला सारली आणि खाली कोब्यावर खडूने भिंतीचा आडवा छेद काढला, खऱ्या मापाचा. आतला थर, बाहेरचा थर, मधली भर, आरपार सळई. मावशी त्या रेघांमध्ये उकिडवी बसून टेप लावायची. ७५ मिलिमीटर म्हणजे तीन जाड बोटं, की चार पातळ, यावर दोघांचा वाद व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा वर्ग त्याच भिंतीवर बसायचा. ते चित्र पुसायचं नाही अशी गुरुजींची ताकीद होती. आम्ही बसून बसूनच ते पुसलं.

माझं काम लिहिण्याचं. मावशीला वाचता येत होतं, लिहिताना मात्र हात जड चालायचा, आणि बैठकीचं रजिस्टर दर आठवड्याला भरायचं असायचं. माझं अक्षर बरं, म्हणून मी तिची कारकून. ती सांगायची, मी लिहायची.

‘लिही. वरच्या आळीतल्या घरी वाळूत माती आहे. चाळून घ्या म्हणून सांगितलं. हो म्हणाले. चाळली नाही.’

‘चाळली नाही, हे पण लिहू?’

‘अगं तेच तर लिहायचंय.’

शाळेत आम्हाला निबंध शिकवत होते, त्यात ‘सूर्य उगवला, पक्षी किलबिलू लागले’. लिहिलेल्या ओळीचा धाक असतो हे मला त्या रजिस्टरने शिकवलं. पुढच्या वेळी इंजिनिअर आले तेव्हा त्यांनी ते पान उघडलं आणि वाळू चाळली गेली.

काँक्रीटला पाणी मारायची गोष्ट तर इंजिनिअरांनाही सुचली नव्हती. म्हणजे पाणी मारा असं ते सांगायचे, पण सांगायचे बापयांना. बापये शेतात. पाणी आणणार बायका, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे घागरभर पाण्याला अर्धा तास. प्यायचं पाणी भिंतीला कोण ओतणार? मावशीने बायकांची बैठक मारुतीच्या पारावर घेतली आणि भांड्यांचं, अंघोळीचं पाणी कुणाच्या भिंतीला कधी, असं वारांप्रमाणे लावून दिलं. साबणाचं नको, नुसतं खळबळलेलं चालेल की नाही, हा प्रश्न तिने इंजिनिअरांना विचारला. ते हसले. मग म्हणाले, शक्यतो स्वच्छच घ्या. तिने तेही रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

सगळं तिच्या मनासारखं झालं असं अजिबात नाही. पुष्कळांनी दुरुस्तीच्या पैशात आणखी थोडे घालून पुढे सिमेंटची नवी खोली काढली आणि जुनं माळवद मागे तसंच ठेवलं. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. दगडाच्या घरावरचा लोकांचा विश्वासच उडाला होता, आणि पक्की खोली म्हणजे लेकीच्या लग्नात दाखवायला काहीतरी. मावशीने घसा कोरडा केला, पण ही लढाई ती हरली. आजही आमच्या गल्लीत अशी घरं आहेत. पुढे स्लॅबची खोली, टीव्ही, सोफा. मागे माळवदाखाली धान्याची पोती आणि म्हातारी माणसं.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. आमच्या भागातल्या बायका संस्थेबरोबर तिकडे गेल्या, त्यांत मावशी. तोवर ती तुळजापूर आणि पंढरपूर सोडून कुठे गेली नव्हती. गुजराती येत नव्हतं, हिंदी जेमतेम. परत आल्यावर गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या, तिथली माणसं कशी, खातात काय हे ऐकायला. ती सांगत बसली घरांबद्दल. तिथेही दगडमातीची घरं कोसळली होती, पण वाळवंटाच्या बाजूची जुनी गोल घरं, त्यांना भुंगा म्हणतात, ती पुष्कळशी उभी होती. ‘गोल घराला कोपराच नाही गं, मग फुटंल कुठून?’ हे तिने दोन्ही हातांनी ओंजळ करून दाखवलं. तिथल्या बायकांशी बोलली कशी, तर भिंतीपाशी बसून, दोन दगड हातात घेऊन. एक दगड लहान, एक लांब. लांबडा आडवा ठेवला की कुणालाही कळतं. आणि एक गोष्ट दुभाष्याकडून मुद्दाम सांगायला लावली, की घर कुणीही बांधून देऊ दे, पाया खणताना आपण तिथं उभं राहायचं. पुढे २००४ च्या त्सुनामीनंतर आमच्याकडच्या बायका तामिळनाडूलाही गेल्या. मावशी गेली नाही, तेव्हा तिचा भाऊ आजारी होता. तोच, ज्याच्यासाठी शाळा सुटली होती.

भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन शिकवली, तीही याच भूकंपाची गोष्ट. त्यांतल्या कुणीतरी या अंकात लिहावं. मी ऐकीव लिहिणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मावशीचा सत्कार होता. पाहुणे म्हणाले, आपत्ती ही संधी असते, या माउलीने संकटाचं सोनं केलं. टाळ्या झाल्या. परतताना गाडीत ती गप्प होती, मग एकदम म्हणाली, ‘संधी म्हणं. मला कुणी इचारलं असतं तर म्हटलं असतं, नगं तुमची संधी, माझी लेकरं द्या.’ मी काय बोलणार? थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘काम होतं म्हणून रात्री झोप लागायची. एवढंच हाय त्यात.’ तिच्या कामाबद्दल मी आजवर बरंच ऐकलं-वाचलं आहे, पण मला तिचंच म्हणणं पटतं.

२०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या काळात तिच्या गटातल्या बायकांनी घरच्यांकडून एकेक एकर मागून घेतला आणि त्यात भाजी, डाळी, ज्वारी असं घरात खायचं पिकवलं. कमी पाण्यात येणारं. त्याच वर्षी स्वयं शिक्षण प्रयोगाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मावशीला हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ती तुरीला औषध मारत होती, नंतर फोन कर म्हणाली.

आता मुद्द्याचं. गेल्या दिवाळीत तिला घेऊन मी शाळेत गेले होते. नव्या इमारतीचं तिने कौतुक केलं. मग उत्तरेकडच्या जुन्या दोन खोल्यांपाशी थांबली, जिथे आता क्रीडासाहित्य ठेवतात आणि मधल्या सुट्टीत लहान मुलं सावलीला बसतात. खालचा एक गोटा उचलून तिने भिंत वाजवली. तीन ठिकाणी भरीव आवाज आला, चौथ्या ठिकाणी पोकळ. बाहेरचा थर फुगला आहे, गिलाव्यामुळे दिसत नाही, असं तिचं म्हणणं. मुख्याध्यापकांच्या कानावर आम्ही तेव्हाच घातलं आहे.

अमृतमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी समितीने वर्गणी मागितली आहे. माझी मी पाठवली, पण कमानीसाठी नाही. पावतीवर ‘जुन्या दोन खोल्यांची भिंत’ असं लिहून मिळावं. यादीतल्या इंजिनिअर मंडळींपैकी कुणी सुट्टीत गावी येणार असेल तर त्यांनी एकदा ती भिंत बघावी आणि यायच्या आधी मावशीला निरोप द्यावा. काम निघालं तर पाणी मारायला कोणत्या वारी कोण, ही यादी तिने करून ठेवली आहे.