पोचला, पावला, वसूल झाला

परवा दुपारी शारजात सिग्नलला थांबलो होतो, पुढे एक डिलिव्हरीवाला, त्याच्या बाईकच्या डब्यावर हॉटेलचं नाव आणि खाली अरबीत एकच शब्द. इथं येऊन बारा वर्षं झाली, अरबी बोलता काही येत नाही, पण पाट्या वाचायचा नाद लागलाय, पहिलीतल्या पोरासारखा अक्षरं जुळवत बसतो. ते, वाव, साद, ये, लाम. तौसील. म्हणजे घरपोच. तेवढ्यात मागच्याने हॉर्न मारला, आणि मला बाबा आठवले.

बाबा एका पतपेढीत वसुलीला होते. त्यामुळे आमच्या घरात वसुली हा शब्द मीठमसाल्यासारखा, आई चहा देताना "आज वसुली किती?" हेच विचारायची, पाऊस पडतोय का वगैरे नंतर. तर बाबा पहिल्यांदा इकडे आले तेव्हा एअरपोर्टवर आगमनाच्या पाटीकडे बोट करून म्हणाले, हे काय लिहिलंय रे? मी ऐटीत वाचलं, 'वुसूल'. "अरे, उतरल्या उतरल्या वसुली? मी रिटायर झालोय!"

तेव्हा हसलो आणि सोडून दिलं. नंतर कधीतरी डिक्शनरी काढली. अरबीच्या बऱ्याच डिक्शनऱ्यांमध्ये शब्द आद्याक्षरावर नाही, मुळावर लावलेले असतात, त्यामुळे तौसील 'ते' ह्या अक्षराखाली शोधला तर जन्मात सापडत नाही (मी अर्धा तास शोधला). जायचं वावखाली, वाव-साद-लाम. तिथं सगळी जॉइंट फॅमिली एकाच वाड्यात. वस्ल म्हणजे जोडणं, वुसूल म्हणजे पोचणं, इत्तिसाल म्हणजे संपर्क, मुवासलात म्हणजे दळणवळण. इराकातलं मोसुल पण ह्याच घरातलं, अरबीत अल-मौसिल, जोडणारं ठिकाण, आणि त्या गावावरून मस्लीन कापडाचं नाव. दुबईत तर अल वस्ल नावाचा अख्खा रस्ता आहे, एक्स्पोतल्या त्या भल्यामोठ्या घुमटाच्या चौकालाही तेच नाव.

म्हणजे पैसे वसूल झाले ह्याचा मूळ अर्थ एवढाच, की पोचले. बास. दमदाटी, नोटीस, दारात उभं राहणं हे सगळं आपण मागाहून चिकटवलं. आणि उर्दू गझलवाले ज्या वस्लसाठी, विसालसाठी उसासे टाकतात तोही हाच. प्रेयसीची भेट आणि थकलेला हप्ता एकाच मुळावर! मला तर पटलं, दोन्हीकडे माणूस दारात ताटकळतो आणि आतून सांगतात घरी नाहीत.

वासलात पण इथलीच. मूळ वसूल रकमेचा हिशेब, आता आपण लाडवाच्या डब्याची लावतो. वशिला मात्र ह्यांचा नव्हे हं. तो वसीलाचा, त्यात साद नाही, सीन आहे, मूळच वेगळं. आपल्या कानाला दोन्ही 'स' सारखेच, म्हणून मीही बरेच दिवस त्याला ह्याच घरात घुसवला होता. वशिला असा कुठेही घुसतोच म्हणा.

पण मला खरा धक्का बसला तो इसालला. इसाल म्हणजे पोचवणं, आणि इसाल म्हणजेच पावती. आपली पावती तरी कुठून आली, पावणे वरून. पावणे म्हणजे मिळणं, पोचणं. पोचपावती हा शब्द तर काय, पोचलं ते दोनदा सांगतो.

गणपतीची वर्गणी आठवते? आम्ही पाच-सहा जण, पावतीपुस्तक, कार्बन सरकू नये म्हणून टाचणी लावलेली, बॉलपेन सुतळीला बांधलेलं. खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी दोन रुपये दिले तर आम्हाला त्यासाठी पावती फाडायची लाज वाटली, कागद महाग ना. बाबांनी जिन्यातच धरलं. दोन रुपये असोत नाहीतर दोनशे, पावती फाडल्याशिवाय पैसा पावला म्हणायचं नाही. परत पाठवलं वर... म्हणजे खाली, आजोबांकडे. आजोबांनी पावती घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. आणि ज्याच्या नावाने हे चाललेलं तो मंडळाचा गणपती, तोही नवसाला पावणारा. आता वाटतं त्याच पावण्याची आम्ही दारोदार पावती फाडत होतो, तेव्हा मात्र लक्ष सगळं पेढ्यांवर.

सुफी लोकांत संत गेला की विसाल झाला म्हणतात, भेट झाली, आणि त्या दिवसाला उरूस, उर्स म्हणजे लग्न.

बाबा मागच्या वर्षी गेले. पेपरात द्यायचा मजकूर करायला आम्ही भावंडं बसलो होतो. ताई म्हणाली 'देवाज्ञा झाली' लिही, दादाला नुसतं 'निधन' हवं होतं, शब्दांवर पैसे लागतात म्हणाला. मी 'निधन पावले' लिहिलं आणि हटून बसलो. एका शब्दाचे पैसे जास्त पडले. दादाने त्याची पावती घेतली का ते विचारायचं राहिलंच.