आडवा केला तरच फुलतो

गुलाबाचा वेल चढत नाही, त्याला चढवावं लागतं. कारल्याला ताणे असतात, गोकर्ण स्वतःचं खोडच गुंडाळत वर जातो. गुलाबाकडे यातलं काहीच नाही. आहेत ते खाली वळलेले, आकड्यासारखे काटे. रानात ते शेजारच्या झुडपात अडकवून तो वर सरकतो. बागेत जाळी लावून दिली, तर काटे जाळी सोडून नेमके आपल्या बाहीत अडकतात. म्हणून सुतळी हाताशी हवीच. एक वेढा जाळीला, मध्ये पीळ, दुसरा सैल वेढा फांदीला, म्हणजे इंग्रजी आठचा आकडा. आवळून बांधलं तर फांदी जाड होते तशी सुतळी सालीत रुतत जाते.

खरी खटपट पुढे आहे. नवी फांदी सरळ आभाळाकडे धावते आणि सगळी फुलं शेंड्याला. ती बघायला मान मोडायची, आणि डोळ्यांसमोर नुसती उघडी काठी. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, फांदीवरच्या खालच्या डोळ्यांना, म्हणजे झोपलेल्या अंकुरांना, दाबून ठेवतं. तीच फांदी आडवी वाकवली की हा धाक ओसरतो आणि जवळपास प्रत्येक पेऱ्यातला डोळा जागा होतो. आधी तो गव्हाच्या दाण्याएवढा, लालसर असतो. मग टोकदार होतो, तांबूस चकचकीत पानं उलगडतो, आणि त्या वीतभर फुटव्याच्या टोकाला कळी येते. मात्र वाकवायचं थोडं थोडं करत. अगदी कोवळी फांदी बुडातून मोडते, जून झालेली मधेच तडकते. किंचित टणक झालेली, पण अजून लवणारी, अशी वेळ पकडावी लागते, आणि ती बोटांनाच कळते.

आता पिवळ्या गुलाबाच्या रंगाचं. युरोपातल्या जुन्या बागांत गुलाबी, लाल, पांढरे गुलाब होते. चीनहून आलेल्या गुलाबांत पिवळा होता, पण फिकट. गडद, हळदीसारखा पिवळा मिळाला तो रोझा फेटिडा या पश्चिम आशियातल्या रानगुलाबाकडून, ज्याच्या फुलाचा वास फारसा कुणाला आवडत नाही. फ्रान्समध्ये लियाँच्या जोसेफ पेर्ने-दुशेने या रानगुलाबाच्या ‘पर्शियन यलो’ या दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, जातीशी वर्षानुवर्षं संकर करून 1900 साली ‘सोलेय दॉर’ हा गुलाब बाजारात आणला. आजच्या बहुतेक झगझगीत पिवळ्या गुलाबांचं मूळ तिथवर जातं. याच घराण्याकडून काळ्या ठिपक्यांचा रोगही आला, असं गुलाबवाले मानतात. फाटक्या कडांचा काळा डाग पडतो, भोवतीचं पान पिवळं होतं आणि गळतं. पिवळा रंग मागितला होता फुलात, तो पानांतही आला! या बुरशीला पान बरेच तास ओलं लागतं. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी, पानांवर कधीच नाही. गळलेली पानं लगेच उचलायची.

ही कटकट नको असेल त्याने पिवळा बँक्सिया हा वेलगुलाब लावावा. 1824 साली तो चीनमधून इंग्लंडला गेला. काटे जवळपास नाहीत, रोग कमी, फुलं बटणाएवढी पण घोसांनी लगडलेली. वर्षातून एकदाच फुलतो, आणि तेही जुन्या फांद्यांवर. त्याची छाटणी बहर ओसरल्याबरोबर करायची. उशिरा कात्री चालवली तर पुढच्या वर्षीचा बहरच कापला जातो.

उमलताना गडद असलेलं पिवळ्या गुलाबाचं फूल उन्हात दोन-तीन दिवसांत सायीच्या रंगावर येतं, कारण त्याच्यातली कॅरोटिनॉइड ही पिवळी रंगद्रव्यं प्रकाशात टिकत नाहीत. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला नाही वाटत. एकाच झुबक्यात पिवळ्याच्या चार छटा दिसतात, त्या कुठल्या ‘पक्क्या’ रंगात दिसणार?

नजर ठेवावी ती मात्र बुडाशी. कलमाच्या सांध्याखालून, ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या खुंटाचा एखादा फुटवा निघतो. सरळसोट, हिरवागार, इतका तरतरीत की आपण खूश होतो. त्याला ना बांधणं लागतं, ना वाकवणं. पिवळं फूलही त्याला येत नाही, आणि वरच्या कलमाचं अन्न मात्र तो खातो. माती बाजूला सारून तो मुळापासून ओढून काढायचा. वरवर कात्रीने कापला, तर तिथूनच दोन निघतात.