पेशी ताणून काय मिळते?

नातेवाईक विचारतात, जुने शिक्षक विचारतात आणि अनुदानाच्या मुलाखतीत समोर बसलेले तज्ज्ञही विचारतात: रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी सिलिकॉनच्या पडद्यावर ताणत बसून काय मिळते? दर वेळी मी उत्तर आवरते घेते. आज घेणार नाही.

पडदा सेकंदाला एकदा, सुमारे १० टक्के, एकाच दिशेने ताणत राहिले, तर काही तासांत या पेशी ताणाच्या दिशेला आडव्या वळतात. २०१० साली आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने पीझो-१ हे प्रथिन शोधले. पेशीचे पटल ताणले की ते उघडते आणि कॅल्शियम आत शिरते, हे वाचून पेशी का वळतात याचे कोडे सुटल्यासारखे मला वाटले होते. तसे मानणाऱ्या त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, माझा वाद अजून चालू आहे. प्रथिन क्षणार्धात उघडते, पेशी वळायला तास लागतात. मधल्या वेळात पेशीला खालच्या थराशी बांधणारे इंटेग्रिन आणि आतील ॲक्टिनचे तंतू काय करतात, हे एका प्रथिनाने कसे सांगून होईल?

वडिलांच्या बायपासमध्ये पायाची शीर काढून हृदयावर जोडली होती. काही वर्षांनी ती बंद पडली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात काका म्हणाले, “अगं, तुझा विषय हाच ना? मग?” मला उत्तर देता आले नाही, कारण मला ते फार तपशिलात ठाऊक होते. माणूस उभा राहिला की पायाच्या शिरेतही दाब वाढतो, पण धमनीसारखा ठोक्याठोक्याला ताण तिने कधी सोसलेला नसतो. धमनीच्या जागी जोडल्यावर तो अचानक सुरू होतो. भिंतीतील स्नायुपेशी वाढू लागतात, भिंत जाड होते, आणि ही जुळवून घेण्याची धडपडच पुढे कित्येकदा वाट अरुंद करते. हे सारे मी वर्गात शिकवत होते, आणि आत बाबा झोपले होते.

माझ्या पडद्यामुळे त्यांची शीर उघडी राहिली नसती, हे मी मान्य करते. मात्र शिरेला बाहेरून जाळीचा आधार देऊन तिचा ताण मर्यादित ठेवण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत, आणि त्यामागची कल्पना अशाच पेशींच्या अभ्यासाशी जोडलेली आहे. त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. धमनीचा ताण हळूहळू वाढवत नेला तर शिरेच्या पेशी तो वेगळ्या रीतीने स्वीकारतात का, हे मी सध्या तपासते आहे. उत्तर नकारार्थी येण्याची शक्यता मला पुरेपूर दिसते, तरीही मी ते तपासणार आहे.