सप्टेंबरातला सडा

राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आम्ही सकाळी साडेआठला चढलो. कातळशिल्पं बघायला लोक उन्हाळ्यात येतात आणि करपलेला जांभा बघून परततात. सप्टेंबरच्या मध्यात मात्र इथे पाय कुठे ठेवायचा हाच प्रश्न असतो.

चालायचं ते उघड्या, खरबरीत कातळावरून. काळसर दिसतं तिथे शेवाळ असतं, हमखास घसरायला होतं. उथळ खळग्यांत माती जेमतेम दोन-तीन बोटं. तिथे एक बूट पडला की गेंद आणि सीतेची आसवं ही इवली फुलझाडं उखडतात. गाडी वर आणणं तर पापच.

सीतेची आसवं उभ्यानं पाहिली तर नुसती जांभळी झाक दिसते. गुडघे टेकून दहापट भिंग लावलं, तेव्हा नखाएवढं फूल आणि त्याच्या मागची टोकदार नळी दिसली. खरी करामत चिखलात आहे. तिथे या झाडाच्या बारीक पिशव्या असतात. झाकणाजवळच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की झाकण आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो. जांभ्यावरच्या पातळ मातीत नत्र फार कमी, म्हणून ही सोय. दवबिंदू नावाचं झुडूपवजा रोपटं शेजारीच उभं असतं, तेही कीटकांवर जगतं.

फुलपाखरांसाठी नऊ वाजेपर्यंत थांबलो. पंख तापल्याशिवाय ती उडत नाहीत. रुईवर प्लेन टायगर या फुलपाखराची अळी होती. पांढरे-काळे-पिवळे पट्टे, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. पानाची शीर आधी कुरतडून चीक तोडायचा आणि मग पुढचा भाग खायचा, ही तिची रीत. त्या चिकातलं विष अंगात मुरतं, म्हणून पक्षी तिला टाळतात.

पण रुईभोवती दिसणारं प्रत्येक नारिंगी फुलपाखरू प्लेन टायगर नसतं. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब तसाच वेश घेते. मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर. मध्यभाग कोरा असेल तर एगफ्लाय. तिची अंडी शोधायची तर खाली बघा, घोळीच्या भाजीवर.

ऑक्टोबरच्या उन्हात खळगे आटतात आणि आसवंही संपतात. सातबाऱ्यावर या जमिनीला पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणतात, त्यामुळे चिरेखाणी आणि कलमांच्या बागा सड्यावर सहज सरकतात. सुरुंग लावून पाडलेल्या खड्ड्यात भरलेल्या मातीत आंबा येतो, गेंद परत येत नाही.

घोट्यावर येणारे बूट घाला आणि सैल दगड उचलू नका. या सड्यांवर फुरसं हा विषारी साप असतो, आणि तो जांभ्याच्याच रंगाचा दिसतो.