वरचं पेट्रोल स्वच्छ दिसतं, म्हणून

ऑगस्टात गंगापूर रोडवरून टो होऊन एक २०१४ची पेट्रोल हॅचबॅक नाशकातल्या आमच्या अंबडच्या गॅरेजात आली. पावसात पाच आठवडे झाडाखाली उभी होती. सुरू व्हायची आणि पाच-सात सेकंदांत धापा टाकून बंद. आधीच्या गॅरेजात निदान झालेलं: पंप गेला, नवा टाका.

इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर प्रेशर गेज लावला. साडेतीन बार, काटा तिथेच स्थिर. म्हणजे पंप ठणठणीत. तो ढकलतोय काय, एवढंच बघायचं उरलं. पंपाला वीज देणारा रिले काढून स्टार्टर मारला, प्रेशर उतरवलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि मागची सीट उचलून पंप बाहेर घेतला. टाकीतलं १४ लिटर उपसलं, थोडं काचेच्या बरणीत धरलं. दहा मिनिटांत आडवी रेघ उमटली. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ थर.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, थोडंफार पाणी पोटात घेतं. ते जास्त झालं की पाणी इथेनॉलला ओढून तळाशी बसतं, आणि पंपाची जाळीही नेमकी तळाशीच. नुसत्या दमट हवेनं एवढं होत नाही. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं, भोवतीच्या वाटीचं निचऱ्याचं भोक पाल्यानं बुजलं होतं. साचलेला पाऊस आत झिरपत राहिला.

गाडीवाले साहेब म्हणाले, "वरचं तर स्वच्छ आहे. माझ्या दुसऱ्या, टर्बो गाडीत टाकू का?" ती टर्बो रीमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली!

"थांबा," म्हटलं. मोजपात्रात ९० मिली ताजं पेट्रोल आणि १० मिली पाणी हलवून ठेवलं. पाण्यानं इथेनॉल ओढून घेतलं आणि खालचा थर २८ मिलीच्या आसपास चढला. म्हणजे १८ मिली इथेनॉल, बरोबर वीस टक्के. टाकीतल्या वरच्या पेट्रोलचं तेच केलं, तर थर जेमतेम १५वर. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही, म्हणजे पेट्रोलची अवेळी पेट न घेण्याची ताकदही, खाली गेलेला. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलेलं इंजिन असल्या पेट्रोलवर कसारा घाटात फुल लोडला नॉक करणार, पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसणार, पिस्टन फुटायची ती वाट. रीमॅपवाल्यांना एरवी भीती वेगळीच असते: ई-२०ला साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, इंजेक्टर आधीच काठावर असतील तर वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होतं, हवेच्या मानानं इंधन कमी पडतं.

टाकी पुसली, जाळी आणि झाकण नवं टाकलं, नळ्या ताज्या पेट्रोलनं फ्लश केल्या, इंजेक्टर साफ केले. शेवटी निचऱ्याच्या भोकात क्लचची जुनी तार घातली, तर कुजलेल्या पाल्याचा बोटभर काळा बोळा निघाला.